सात महिन्यांचं वाचन

"मासा," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि सोमाजी मास्तरांचं बोट कागदावर थांबलं.

थांबायचं तसं काही कारण नव्हतं. चांद्यातल्या प्रशिक्षण वर्गाचा तो सहावा दिवस होता. शहराभोवतीच्या परकोटाच्या आतल्या एका जुन्या कौलारू शाळेत, लांबलचक खोलीत, बत्तीस मास्तर आणि चार बाया जोडीजोडीनं सतरंजीवर बसून लहान मुलांसारखे मोठमोठ्यानं पहिलीचं पुस्तक वाचत होते. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. आणि नुसतं ऐकायचं नाही, वाचणाऱ्याच्या शब्दाखालून आपलं बोट सरकवत न्यायचं. तो चुकला तर लगेच सांगून मोकळं व्हायचं नाही. मनात पाच अंक मोजायचे, 'पुन्हा बघ' म्हणायचं, तरीही नाही जमलं तर शब्द सांगायचा आणि ओळ पहिल्यापासून वाचून घ्यायची. मग जोडी उलटायची. ही रीत आधी मास्तरांच्या हाडात मुरली तरच पुढे मुलांत उतरेल, असं वर्गाचे प्रमुख कोतपल्लीवार सर रोज सकाळी सांगत. या रीतीला ते जोडीवाचन म्हणत. मनकर्णाबाई वरोऱ्याकडच्या, तेवीस-चोवीस वर्षांच्या, नोकरीला दोनच वर्षं झालेल्या. पहिल्याच दिवशी हजेरीच्या क्रमानं त्या सोमाजी मास्तरांच्या जोडीला आल्या होत्या.

"मासा," त्या पुन्हा म्हणाल्या. "बाजूले चित्र आहे ना, माशाचं. म ले काना, स ले काना. भाऊ, बोट सरकवा ना समोर."

मास्तरांनी बोट सरकवलं. ते कुठे गेलं हे त्यांना कळलं नाही. दोन्ही डोळ्यांवर पडदा धरल्याला दोन वर्षं होत आली होती. आधी दिव्याभोवती कडं दिसू लागलं, मग पाटीवरची अक्षरं पिंजलेल्या कापसासारखी फुगली, मग साऱ्या जगावरच कुणी ताकाचा हात फिरवावा तसं झालं. माणसं चालीवरून ओळखू येत, मुलं आवाजावरून, झाडं आपापल्या जागेवरून. जुनं पहिलीचं पुस्तक चौदा वर्षं शिकवून असं पाठ झालं होतं की कुणी त्यांच्या हातात ते उलटं दिलं असतं तरी अडलं नसतं. पण छप्पन साली राज्य बदललं, चांदा जिल्हा मुंबईकडे गेला आणि पुढच्या जुलैत कोसमटोल्याच्या शाळेत नव्या पुस्तकांचं गाठोडं येऊन पडलं. धानोऱ्याच्याही पलीकडे, जंगलातलं तीस घरांचं गाव. एक खोली, एक मास्तर. त्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मास्तरांनी नव्या पुस्तकाचं पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, दारात उन्हात धरलं. नव्या शाईचा वास तेवढा आला. पानावर डावीकडे काही काळसर होतं, ते चित्र असावं. उजवीकडे काही राखाडी होतं, ते शब्द असावेत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि फळीवर इतकं हळू ठेवलं की जणू झोपलेलं मूल ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "आज मी नाई वाचणार. तुमीच एकमेकाले वाचून दाखवा." सुकरीला त्यांनी बुधरीजवळ बसवलं, इसरूला बिरजूजवळ. ज्याला थोडं येतं तो पुढे, ज्याला येत नाही तो मागे. आणि काय नवल, शाळा गुणगुणू लागली. आग्यामोहळाखाली उभं राहिल्यासारखा तो आवाज. मास्तर जोड्यांमधून फिरत, मान हलवत, 'बरोबर' म्हणत. आठ वर्षांची सुकरी सगळ्यांत खणखणीत. एका पानाशी तिचा आवाज आला, "मीन!" आणि बुधरीचा बारीक आवाज मागून, "मीन." मास्तर तिथेच उभे राहिले होते. गोंडीत माशाला मीन म्हणतात हे त्यांना चौदा वर्षांत ठाऊक झालं होतं. आणि बारा राशींतही मीन आहेच. पुण्या-मुंबईच्या पुस्तक करणाऱ्यांनी दीर्घ वेलांटी शिकवायला नेमका तोच शब्द घेतला, आपल्या पोरांच्या घरातला शब्द छापील पुस्तकात आला, याचा त्यांना एवढा आनंद झाला की ते घरी येऊन शकुबाईला म्हणाले होते, "पाय बरं, किती शहाणे लोक आहेत!" शकुबाई, त्यांची बायको, चुलीपुढे बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं असावं. मग चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

आणि आता मनकर्णाबाई म्हणत होत्या, मासा. म ला काना.

मग सुकरीनं काय वाचलं होतं? तिनं चित्र पाहिलं आणि घरात जे म्हणतात ते म्हटलं. पुढच्या पानावरची ती विहिरीची लांब गोष्ट, जिच्यात सुकरी रोज थोडं वेगळं वाचायची आणि मास्तरांना वाटायचं की आपलीच आठवण कच्ची; ती गोष्ट पुस्तकात होती तरी का? जुलै ते जानेवारी. सात महिने. सतरा मुलं. मोहळ घुमत होतं आणि आत मध नव्हता.

"भाऊ, बरं नाई वाटून राह्यलं का?"

"नाई, नाई. वाचा तुमी."

हे नुसतं इतकंच असतं तर एक वेळ गिळता आलं असतं. पण वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी कोतपल्लीवार सरांनी साऱ्या वर्गापुढे एक कागद वाचून दाखवला होता. डिसेंबरात तपासनीस साहेब कोसमटोल्याला येऊन गेले होते; त्यांना उन्हं कलायच्या आत नाला ओलांडायचा होता. दारात दहा मिनिटं उभे राहिले, गुणगुण ऐकली, गडूभर पाणी प्यायले आणि गेले. जाऊन त्यांनी लिहिलं की या दुर्गम शाळेतील मुले शिक्षकाच्या मदतीवाचून परस्परांना वाचून दाखवितात, हा प्रयोग जिल्ह्यात अनुकरणीय आहे. सरांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आपण जे पुस्तकांतून शिकतो आहोत ते या गुरनुले मास्तरांनी जंगलात बसून आपल्या अकलेनं काढलं. उभे राहा मास्तर." सोमाजी गुरनुले उभे राहिले. टाळ्या पडल्या. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्या क्षणी त्यांना खरोखरच वाटलं होतं की आपण हे योजून केलं. डोळ्यांचं निमित्त झालं असेल, पण कल्पना आपली. माणसाला स्वतःशी खोटं बोलायला किती थोडा अवकाश लागतो! टाळ्या थांबेपर्यंतचा.

संध्याकाळी ते नेहमीसारखे फिरायला निघाले. चांद्यात त्यांना परकोट बरा वाटायचा. एवढी उंच काळी भिंत त्यांनाही दिसे. हात लावून तिच्या कडेनं चालत गेलं की चुकायची भीती नाही. पण त्या दिवशी भिंत संपेचना. दगडांतून दिवसभराचं ऊन बाहेर येत होतं, कुठूनतरी कोळशाचा धूर नाकात जात होता, आणि त्यांना वाटलं की आपण आतल्या बाजूनं गोल फिरतो आहोत आणि दरवाजे कुणी बुजवून टाकले आहेत. कसेबसे ते सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले. रोजच येत. फाटकाच्या गजाला हात लावत आणि परत फिरत. त्यांच्या मामाच्या डोळ्यातला मोती एका फिरत्या वैदूनं सुईनं खाली पाडला होता. मामा आठ दिवस 'दिसते, दिसते' म्हणत गावभर हिंडला. नवव्या दिवशी डोळा पिकला, आणि मग दुसराही गेला. दवाखान्यातला डॉक्टर काही वैदू नव्हता हे मास्तरांना समजत होतं. पण डॉक्टर कागदावर लिहितो. कागद ऑफिसात जातो. आंधळ्या मास्तराला कोण ठेवील? गज थंड होता. त्यांनी हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मनकर्णाबाई त्यांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसल्या. डबा उघडल्याचा आवाज आला, पण त्या जेवेनात.

"भाऊ, रागावू नका. एक विचारू का?"

"विचारा."

"तुमाले दिसत नाई ना?"

अंगणात कुणीतरी हापशाचं पाणी काढत होतं.

"मी वाचतो ते तुमी ऐकता आणि बोट अंदाजानं नेता. काल मी मुद्दाम एक ओळ सोडून वाचली. तुमी 'बरोबर' म्हणाले." बाईंचा आवाज खाली गेला. "माह्या आजीचं असंच झालं होतं. दवाखाना तर हाकेवर आहे, भाऊ. काऊन नाई जात?"

"कोणाले सांगितलं का तुमी?"

"नाई. मी कशाले सांगू?"

मग, का कोण जाणे, मास्तरांनी सगळं सांगितलं. गाठोडं, मीन, मोहळ, मामाचा डोळा. बोलता बोलता त्यांना वाटलं होतं की छाती हलकी होईल. झालं उलटंच; जे आतापर्यंत धुकं होतं त्याला कडा आल्या.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "पण सर तर तुमाले इथीच ठेवून घेणार म्हणतात. आपल्या वर्गाचे सहायक म्हणून. मी ऑफिसात ऐकलं. तुमच्या शाळेवर दुसरा मास्तर जाणार."

ते ऐकून कुणीही हरखला असता. चांद्याची जागा, साहेबांच्या नजरेत, संध्याकाळी बाजार. वर्ग घ्यायचा तो तोंडी. पाठांतर तर त्यांचं दांडगं. डोळे कुणाच्या लक्षातही आले नसते. ही सुटका होती. पण मास्तरांना कोसमटोल्याच्या शाळेतला तो लाकडी पेटारा आठवला, ज्यात शेरेबुक होतं. मास्तर नवे आले तेव्हा त्यांना डोळे होते आणि त्यांनी ते वाचलं होतं. त्यांच्या आधीच्या मास्तरानं लिहिलं होतं, 'मुले मंद आहेत.' त्याच्या आधीच्यानं लिहिलं होतं, 'या लोकांची मुले शिकण्याजोगी नाहीत.' ते वाचून तेव्हाचे तरणे सोमाजी मास्तर संतापले होते. आता नवा मास्तर जाईल, पुस्तक उघडील, सुकरीला म्हणेल वाच. ती मान ताठ करून म्हणेल, मीन. तो हसेल. मग पुढची ओळ वाचायला सांगेल, आणि सतरापैकी एकालाही ओळ वाचता येणार नाही. आणि तो शेरेबुकात काय लिहील हे मास्तरांना आताच दिसत होतं, डोळे असताना दिसलं असतं त्याहून स्वच्छ. त्यात सोमाजी गुरनुल्यांचं नाव येणार नव्हतं. ते तर जिल्ह्याला अनुकरणीय होते.

शनिवारी सरांनी सहायकपदाची बातमी वर्गात सांगितली. पुन्हा टाळ्या. "बोला मास्तर, दोन शब्द."

सोमाजी मास्तर उभे राहिले. समोर पांढऱ्या टोप्यांचा एक लांब ढग होता.

"माह्या शाळेतले पोरं वाचत नाईत," ते म्हणाले. "एकही नाई. मीच त्यायले फसवलं."

सर गहिवरल्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? यालाच विनय म्हणतात. खरा शिक्षक कधीच समाधानी नसतो." टाळ्या पहिल्याहून मोठ्या पडल्या. मास्तरांना वाटलं, पाण्यात बुडणाऱ्या माणसानं हात वर करावा आणि काठावरच्यांनी तो नमस्कार समजावा. त्यांनी चाचपडत समोरचं पुस्तक उचललं आणि ते उघडून वर धरलं.

"सर, हे मले वाचता येत नाई. यातलं एक अक्षर दिसत नाई. दोन साल झाले."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी खोकलं. मनकर्णाबाई उठल्या असाव्यात. त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सर हळूच म्हणाले, "मास्तर, माझ्या खोलीत या."

खोलीत सरांनी दार लावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. "डोळ्यांचं मी बघतो. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, उन्हाळ्यात करून घेऊ. पण हे मुलांचं पुन्हा बोलू नका. कोसमटोल्याचा अहवाल वर गेला आहे, मास्तर. त्याच्या जोरावर हा वर्ग मिळाला. पुढच्या वर्षी आणखी तीन मिळतील. रीत खोटी नाही ना? रीत चांगलीच आहे."

"रीत चांगली आहे, सर. म्हणूनच तर. तिच्यात एकानं तरी पुस्तकात पाहावं लागते."

"एका शाळेचं काय घेऊन बसलात?"

"मग मले तिथी परत जाऊ द्या."

"ते आता माझ्या हातात नाही. हुकूम निघाला आहे. तुम्ही न सांगता गेलात तर गैरहजेरी लागेल, मग मीही काही करू शकणार नाही." सरांचा आवाज थकलेला होता. मास्तरांना पहिल्यांदाच जाणवलं की हा माणूसही कशात तरी अडकला आहे. फक्त त्याच्या भिंतीला चुना दिलेला आहे.

सोमवारी सकाळी मनकर्णाबाईंनीच त्यांना मोटरीत बसवून दिलं. "मी इथी विचारून ठेवतो दवाखान्यात," त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या. "मेमधी तुमी या फक्त. नाई आले तर मी कोसमटोल्याले येईन, सांगून ठेवतो." मास्तरांना हसू आलं, आठ दिवसांतलं पहिलं. वैनगंगेपर्यंत मोटर, मग डोंगा, मग गडचिरोलीहून मालाच्या गाडीत पोत्यांवर, आणि शेवटचा चार कोसांचा रस्ता पायी, बाजाराहून परतणाऱ्या दोन बायांच्या मागोमाग. त्यांच्या जोडव्यांचा आवाज धरून ते चालत राहिले. रस्त्याच्या कडेला लाल लाल काही पेटल्यासारखं दिसे, तेव्हा पळस फुलला असं ते समजत.

शकुबाईनं त्यांना अंगणातच पाहिलं. "एवढ्या लवकर?" तिनं विचारलं. मग त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसरं काही विचारलं नाही. नोकरीचं काय होईल ते तिला रात्रीच्या भाकरीबरोबर सांगावं लागलं. ती म्हणाली, "कागद येईल तवा येईल. तवरक तर शाळा आहे ना?"

सकाळी त्यांनी घंटा दिली. मुलं आली, बारा-तेरा असावीत, आवाजांवरून. सवयीनं जोड्या करून बसली आणि सवयीनं गुणगुणू लागली. मास्तर म्हणाले, "थांबा." गुणगुण थांबली. चौदा वर्षांत त्यांना या खोलीत एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"पोरंहो, मले डोयानं दिसत नाई. पुस्तकातलं तर काहीच नाई दिसत."

मग सुकरीचा खणखणीत आवाज आला, "मालूम आहे ना."

"काय मालूम आहे?"

"दिसत नाई म्हून. आमा सगळ्याले मालूम आहे. तुमी दरवाज्याले दोनदा लागले. बिरजू जीभ दाखवते तरी तुमी काही म्हणत नाई."

"मग सांगितलं काऊन नाई मले? आँ? सात महिने?"

सुकरीला खरंच उत्तर शोधावं लागत होतं. "तुमी 'बरोबर' म्हणत होते," ती शेवटी म्हणाली. "खुश होऊन म्हणत होते. मंग आमी वाचत गेलो."

मास्तर खाली बसले. ज्या गोष्टीला ते दोन वर्षं पोटाशी धरून लपवत होते, ती इथे मुलांच्या हातात उघडी होती. आणि त्या मुलांनी ती, त्यांना लागू नये म्हणून, त्यांच्यापासूनच लपवून ठेवली होती. कुणी कुणाला कोंडलं होतं? त्यांना हसावं की रडावं ते कळेना. दार उघडंच होतं. बाहेर कुणाची तरी कोंबडी खुरडत होती.

"सुकरी, इकडे ये. पुस्तक आण. कुठलंही पान काढ." ती आली. तिच्या केसांना टोळीच्या, मोहाच्या बियांच्या तेलाचा वास होता. त्यांनी आपला उजवा तळवा तिच्यापुढे पसरला. "आता पुस्तकात पाय. पयलं अक्षर कसं आहे, ते बोटानं माह्या हातावर काढ. चित्राकडे नाई पाह्यचं. अक्षराकडे."

तिचं बोट तळव्यावर भरभर फिरलं. गुदगुल्या झाल्या, पण कळलं काहीच नाही.

"हळू. पुन्हा काढ."

तिनं पुन्हा काढलं. एक गोल, एक काठी, खाली शेपटी. मास्तरांनी डोळे मिटले. व असेल. व ला उकार? पण मग आणखी काही होतं, मध्ये, एक निसटती रेघ. त्यांनी पाच अंक मोजले. आता चुकायचं नव्हतं, आणि चुकलो हे सांगणारंही इथे कुणी नव्हतं.

"सुकरी, नीट पाय. त्या गोलाच्या पोटात काडी आहे का?"

ती पुस्तकावर वाकली. तिचा श्वास त्यांच्या मनगटाला लागत होता. बराच वेळ लागला. मास्तरांनी घाई केली नाही.

"आहे," ती म्हणाली. "तिरपी आहे. बारीक."

"मंग तो ब. अन् खाली शेपूट म्हणजे बु. म्हण, बु."

"बु," सुकरी म्हणाली. मग थांबली. मग एकदम मागे वळून ओरडली, "ए बुधरी! बुधरी, इकडे ये वं! तू आहेस इथी!"

बुधरी कधीच पुढे येत नसे. ती उठल्याचा, मग थबकल्याचा, मग दोन पावलं टाकल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. आणखी दोन. ती येऊन सुकरीच्या खांद्याला टेकली असावी, कारण सुकरीचं वजन मास्तरांच्या हातावर आलं.

"कुठी?" बुधरीनं विचारलं.

"हे पाय. बु. पोटात काडी."

मग मास्तरांच्या तळव्यावर दुसरं एक बोट टेकलं, सुकरीच्या बोटाहून लहान, घामेजलेलं, आणि अतिशय सावकाश एक गोल काढू लागलं.